ते काशिनाथनं शोधलं होतं

फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. स्क्रीनवर ‘जव्हार फॉर्म’ असं नाव आलं आणि मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. काशिनाथचा नंबर मी त्या नावानं ठेवला होता. फोन टेबलावर पडलेला असताना शेजारच्यानं पाहिलं, तर कुठल्यातरी दुकानाचा नंबर वाटावा म्हणून. मग मेसेज आला, त्याच्या धाकट्या भावाचा. ‘दादा गेला. कावीळ झालती. नाशिकला नेला पण नाय राहिला.’ तो मी टेबलाखाली धरून वाचला आणि मीटिंग संपेपर्यंत तिथंच बसून राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ह्याच जातीचं आहे.

काशिनाथ साखरशेतचा, मी मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत आम्ही आठ वर्षं एका बाकावर होतो. घरची बोली वेगळी, पुस्तकातलं मराठी वेगळं. ते मला उशिरा उमगलं, त्याला लवकर. मी अडलो की तो गुरुजींचं वाक्य आमच्या बोलीत फिरवून कानात सांगायचा. बारावीनंतर त्याचे वडील आजारी पडले आणि घरची भातशेती त्याच्यावर आली. मग त्यानं जव्हारला एसटी डेपोजवळ एक गाळा घेतला, एक कॉम्प्युटर मांडला आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला लागला. माझा इंजिनियरिंगचा फॉर्म त्यानंच भरला. तेव्हा मी आईबाबांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर होतो. माझ्या दाखल्यासाठी तो चार वेळा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन उभा राहिला आणि मग मुकादमाच्या फोनवर त्याचा आवाज आला, “काय रं इंजिनियर, उद्याची गाडी धर. सही तेवढी तुझी लागतेय, बाकी इंजिनियर मी झालोय!” आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. पण ती पदवी त्याच्या पायपिटीवर उभी आहे.

नोकरी लागल्यावर पुण्यात कुणी गाव विचारलं की मी ‘नाशिकचा’ म्हणू लागलो. एकदा म्हटलं आणि मग तेच चालू राहिलं.

माझं काम थोडं समजावून सांगायला हवं. क्लाउड म्हणतात त्यात एका मोठ्या मशीनचे भाग पाडून ते लोकांना वापरायला देतात. प्रत्येक भागाला वाटतं, आपणच एक पूर्ण मशीन. हे भाग पाडणारा आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा जो प्रोग्राम, तो हायपरव्हायजर. त्याचे बरेच प्रकार आहेत. आमची टीम एक प्रोग्राम बनवते, जो अशा आभासी मशीनच्या आत बसतो आणि वर कुठला हायपरव्हायजर आहे ते ओळखतो. घड्याळ कुठलं खरं मानायचं इथपासून पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. नेहमीच्या प्रोसेसरला एक सूचना देऊन हे थेट विचारता येतं, आणि तो नाव सांगतो. पण ग्राहक एआरएम नावाच्या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या मशीनवर जाऊ लागले आणि तिथं असं विचारायची सोयच नव्हती. आमचा प्रोग्राम मग बेधडक लिहायचा, ‘हायपरव्हायजर नाही’. त्यामुळे आभासी मशीन खरं समजलं जाऊन सगळी कामं बिघडायची. ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. तीन आठवडे गेले आणि मला काही सुचेना. टीममध्ये सगळे मोठ्या कॉलेजांतले... त्यांच्यापुढे अडलो म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून काशिनाथला फोन लावला. माझा जुना लॅपटॉप मी त्याला दिला होता, त्यावर तो लिनक्स, म्हणजे असली मशीन ज्यावर चालतात ती प्रणाली, माझ्याहून बरं शिकला होता.

“म्हंजे अधीक्षक,” माझं सगळं ऐकून तो म्हणाला.

“कसला अधीक्षक?”

“अरे, वसतिगृहात पेट्यांच्या रांगा लावून खोल्या पाडल्या नव्हत्या का? जो तो म्हणायचा, ही माझी खोली. पाडून कोणी दिल्या? अधीक्षकानं. आणि तू पोराला विचारतोस, तुझा अधीक्षक कोण. पोराला तोंडच नाय, तं ‘अधीक्षक नाही’ असं लिहून मोकळा होतोस. माझ्याकडं म्हातारी येते, तिला जन्मतारीख सांगता येत नाय. मंग मी काय लिहू, जन्मलीच नाय?”

मी हसलो. तो हसला नाही.

“मी कागद बघतो,” तो म्हणाला. “शाळेचा दाखला. नसंल तं मतदार यादी. नसंल तं थोरल्या पोराचं वय. तुझ्या मशीनचा काय कागद असंल ना कुठं?”

कागद होता. मशीन सुरू होताना आत काही तक्ते मांडले जातात. बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, जोडलंय काय. काशिनाथनं चाचणीसाठी मिळणारं एक एआरएम मशीन क्लाउडवर घेतलं आणि दोन फॉर्मच्या मधल्या वेळात आठ दिवस ते तक्ते वाचत बसला. एका तक्त्यात हायपरव्हायजरची स्वतंत्र नोंद असते, पण ती सगळीकडे नसते. ती नसेल तर दुसऱ्या तक्त्यात बनवणाऱ्याचं नाव बघायचं, त्यावरून प्रकार कळतो. हे त्यानं सांगितलं आणि मी उड्या मारत लिहून टाकलं, नाव सापडलं की मशीन आभासी.

“थांब,” तो म्हणाला. “हे वांगणी होईल.”

जव्हार तालुक्यातल्या वावर गावाजवळच्या वांगणीची एक बाई त्याच्याकडे आली होती. तिचा फॉर्म आधी दुसऱ्या कुणीतरी भरलेला. यादीतून गावाचं नाव निवडलं, पण ते निघालं रेल्वे स्टेशनवालं, भलत्याच तालुक्यातलं वांगणी. तिची कागदपत्रं वर्षभर तिकडे फिरत होती. तेव्हापासून काशिनाथ आधी तालुका बघायचा, मग गाव. “क्लाउडवाले भाग न पाडता अख्खं मशीनसुद्धा देतात ना? त्याच्यावरही बनवणाऱ्याचं नाव तेच असंल. तसल्या एखाद्या मशीनचा कागद पाठव मला.” मी पाठवला. नाव खरोखरच तेच होतं. पण तक्त्यात आणखी एक बारीकशी खूण त्याला सापडली, ‘हे मशीन आभासी आहे’ एवढंच सांगणारी. आधी ती खूण, मग नाव, असा क्रम त्यानं ठरवला. आणि शेवटची पायरी अशी की काहीच जुळलं नाही तर ‘नाही’ लिहायचं नाही, ‘माहीत नाही’ लिहायचं. ह्या पायरीवर तो फार अडून बसला होता. “माहीत नाय लिहिलं तं कोणीतरी पुन्हा शोधंल. नाही लिहिलं तं दार बंद.”

तो बदल टीमला दाखवला तेव्हा आमच्या वरिष्ठ मॅडमनी विचारलं, “हे तुला सुचलं कसं रे?”

“कॉलेजात ह्यावर थोडं काम केलं होतं,” मी म्हणालो.

टाळ्या वाजल्या. वर्षाच्या शेवटी बढती मिळाली.

काशिनाथनं एकच गोष्ट मागितली होती. आमचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही उघडून बघू शकतो. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव असतं. “त्या बदलाखाली माझं नाव येईल का रं? बारीक असलं तरी चालंल. नाशिकला एका ठिकाणी कामाला विचारतोय. डिग्री दाखव म्हणतात, ती तं नाय. हे दाखवीन.” मी म्हणालो, कंपनीचे नियम आहेत, बाहेरच्याचं नाव टाकता येत नाही. तो म्हणाला, “असं व्हय. मंग राहू दे.” ... नियम असा नव्हताच. नाव टाकायला दोन मिनिटं लागली असती. पण मग कुणीतरी विचारलं असतं हा कोण, आणि मला सांगावं लागलं असतं, जव्हारला फॉर्म भरणारा माझा आश्रमशाळेतला मित्र. नाशिकचं ते काम त्याला मिळालं नाही. त्यानंतर आम्ही दोनदा भेटलो. दोन्ही वेळा त्यानं माझ्या आईच्या पेन्शनच्या फॉर्मचं विचारलं, ह्या गोष्टीचं नाही. तो विसरला, असं मी स्वतःला सांगितलं.

बाराव्याला साखरशेतला गेलो. लोक माझ्याशी आदरानं बोलत होते, साहेब म्हणत होते. मला बसवेना. परत आल्यावर मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “लेखी पाठव. तुझ्याच शब्दांत. आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी, नाव नेमकं कसं लिहायचं तेही.”

म्हणून मागच्या आठवड्यात जव्हारला गेलो. गाळा आता सविता वहिनी चालवते, काशिनाथची बायको. बाकड्यावर रेशनकार्डाच्या कामाला आलेली एक आजी आणि आणखी दोघं बसले होते. वहिनीला मी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. काशिनाथच्या आधारकार्डाची प्रत काढायला तिनं कपाटातल्या फायली उपसल्या, त्यात माझ्या नावाची एक निघाली. माझे सगळे दाखले त्यात होते, अगदी चौथीच्या निकालपत्रापासून. आणि सगळ्यांत वर एक छापलेलं इंग्रजी पान, आमच्या प्रोग्रामच्या नियमांचं. ‘बाहेरच्या व्यक्तीनं मदत केली असल्यास तिचं नाव जरूर लिहावं’ ह्या अर्थाची ओळ त्यानं पेनानं अधोरेखित केली होती.

“हे काय आहे, भाऊजी?” वहिनीनं विचारलं.

मी ते मराठीत करून वाचून दाखवलं.

ती पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला कधी बोलले नाय ते.” पान तिनं होतं तसं परत ठेवलं.

माझं पत्र मी मोबाइलवर लिहून आणलं होतं, तिच्या परवानगीचा मजकूरही त्यातच होता. ते कॉम्प्युटरवर उघडून मी म्हणालो, पाठवून दे. पण त्या गाळ्यातून कुठलाही फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय जात नाही. ज्याचा फॉर्म त्यानं समोर बसून ऐकायचा आणि हो म्हणायचं, ही काशिनाथची पद्धत. वहिनीनं तीच ठेवली आहे. मी म्हणालो, मी वाचलंय सगळं. ती म्हणाली, “बसा.”

आणि तिनं वाचायला सुरुवात केली, रेशनकार्डाचा फॉर्म वाचावा तशा सपाट आवाजात. मी मॅडमशी खोटं बोललो ते. नियमांचं खोटं सांगितलं ते. बाकड्यावरचे ऐकत होते. मी जमिनीकडे बघत होतो. “ही पद्धत शोधण्यात काशिनाथ यांनी मला मोलाची मदत केली...” इथं ती थांबली.

“मदत केली?”

मी वर पाहिलं.

“मदत केली का त्यांनीच शोधलं?”

बाकड्यावरची आजी वहिनीला विचारू लागली, “कोणी शोधलं गं? काय हरवलेलं?” वहिनीनं तिला हातानंच थांबवलं. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. फॉर्ममधली एक जागा भरायची राहिली की बघतात तसं.

“त्यानंच शोधलं,” मी म्हणालो.

“मंग तसं लिहा.”

तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी ते वाक्य खोडून नवं लिहिलं. काशिनाथ हे नाव दोनदा चुकलं. तिनं कीबोर्ड परत घेतला, पदर सावरला, आजीला म्हणाली, “आजे, पाच मिनटं गं, तुझंच आहे मंग.” आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली.