पानिपतावरचे अण्णा

आमच्या मामेसासऱ्यांचा डावा पाय मी मोडला, तेव्हा ते लोणी काळभोरला आपल्या गोठ्यात होते आणि मी वीसेक किलोमीटर लांब, विश्रांतवाडीत, माझ्या टेबलापाशी बसलो होतो.

हे नीट कळायला माझा छंद सांगायला हवा. (तो सांगायला लागलो की माणसं घड्याळ बघतात, म्हणून थोडक्यात.) मी जुन्या लढायांमधले सैनिक रंगवतो. एक इंच उंचीचे, धातूचे. पाकिटातून निघतात तेव्हा नुसते करडे असतात. त्यांना साबणानं धुवायचं, काळ्या रंगाचा हात मारायचा, मग बारीक ब्रशनं अंगरखा, पागोटं, मिशी. शेवटी पायाखाली जमीन करायची. लोखंडी वॉशरवर पांढरा डिंक, त्यावर चाळलेली वाळू, धुऊन वाळवलेला चहाचा चोथा आणि गवताला फुलझाडूची टोकं. आमच्या झाडूला वर्षभरात टक्कल पडलं. "इतर बायकांचे नवरे दारू पितात," मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणते. "पण त्यांचा झाडू शाबूत असतो."

मी पानिपत मांडायला घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे आम्ही महिनाभर मांडीवर ताट घेऊन जेवत होतो. अडचण एकच होती. माझ्या सगळ्या मराठ्यांचा चेहरा सारखाच यायचा, नुकतंच वीजबिल बघितल्यासारखा. मग मी मेधाच्या माहेरचा, लग्नातला एक मोठा फोटो समोर टेकवला आणि त्यातला एकेक चेहरा उतरवायला लागलो. मामा तोफेवर गेले. सासूबाई गाठोडं घेऊन यात्रेकरूंमध्ये. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पहिल्या फळीत ढाल-तलवार घेऊन.

डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे असतात. तोवर हातात नुसता धातू असतो. दोन ठिपके पडले की तो बघायला लागतो. हे मी विनोदानं सांगत नाही. पाणी प्यायला उठलो की माझ्या पाठीला दोनशे माणसं बघताहेत हे कळायचं.

एके दिवशी डिंक लावताना मामा माझ्या चिमटीतून निसटले. फरशीवर टिक् असा आवाज झाला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली तुटला. मी "अरेरे, मामा" असं म्हणून वाकतोय, तोवर स्वयंपाकघरात फोन वाजला.

"मामा गोठ्यात घसरला," मेधा बाहेर येऊन म्हणाली. "पाय मोडलाय. डावा." मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"पाय," मी म्हणालो. "पण हा दुसरा."

योगायोग म्हणतात तो हाच, असं मी स्वतःला बजावलं. मी इंजिनियर माणूस आहे. पण पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या पदराला सावली देताना पातळ तपकिरी रंगाचा ओघळ त्यांच्या डाव्या गालावर आला. तो पुसायला गेलो तर गाल लाल झाला. दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतून सासूबाईंचा फोन. नवा कलप त्यांना सोसला नव्हता आणि गालावर पुरळ उठलं होतं. कोणत्या गालावर ते मी विचारलंच नाही. त्यांनी आपणहून सांगितलं.

मी मेधापाशी सगळं कबूल केलं. ती टेबलावर वाकून एकेक चेहरा ओळखायला लागली.

"माझ्या माहेरचं सगळं माणूस तू पानिपतावर नेऊन उभं केलंस," ती म्हणाली. "आणि तुझ्या घरचे कुठं आहेत?"

"दादा आहे ना."

"कुठं?"

"अब्दालीकडे," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. तिकडे दाढीवाले कमी पडत होते.

तासाभरात ही बातमी लोणीपर्यंत पोचली. मामांचा फोन आला. मला वाटलं, शिव्या पडणार. पण मामा अगदी गोड आवाजात बोलले. "जावईबापू, तेवढा पाय सरळ चिकटवलाय न्हवं? तिरका बसला तर जलमभर तिरकं चालायला लागंल."

मी भिंगातून पाहिलं. पाय तिरका होता! मी तो काढून पुन्हा बसवला आणि वर टिश्यू पेपरचं प्लास्टर केलं. संध्याकाळी मामांनी कळवलं, "आता ठणका कमी हाय." त्या क्षणापासून, खोटं कशाला बोलू, मीही टेबलाजवळून चालताना पाय आपटेनासा झालो.

आणि नेमकी याच सुमारास अण्णांच्या बायपासची तारीख ठरली. येता शुक्रवार. पुढे ढकलायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

रविवारी सासूबाई आणि अण्णा आमच्याकडे आले. अण्णा जन्मभर शाळेत गणित शिकवलेले गृहस्थ. घराची वास्तुशांतसुद्धा त्यांनी जेवणापुरती मान्य केली होती. ते सरळ सोफ्यावर पेपर घेऊन बसले. सासूबाई टेबलापाशी गेल्या.

"हे कुठं आहेत?"

मी पहिल्या फळीतले अण्णा दाखवले. कपाळावरची ती प्रसिद्ध आठी मला हुबेहूब साधली होती. मला वाटलं, कौतुक होईल.

"पानिपतावर," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "आणि तेही पुढं. तिथून कोण परत आलंय, प्रमोदराव? शुक्रवारी ऑपरेशन आहे यांचं."

"मागं घेऊ का?"

"मागं नको. पुण्यात आणा."

मग असं ठरलं की पुस्तकांचं कपाट म्हणजे पुणे. मी अण्णांना उचलून कपाटात ठेवलं. पण सासूबाईंचं समाधान होईना. अण्णांच्या पायाखाली अजून पानिपतची धूळ होती. त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात शनिवार पेठेतल्या त्यांच्या तुळशीची माती होती. (म्हणजे त्या घरून ठरवूनच आल्या होत्या.) मी जुनी जमीन खरवडली, ताजा डिंक लावला, तुळशीची माती भुरभुरली आणि अण्णांना ओलेच कपाटात उभं केलं.

"मूर्खपणाची सुद्धा एक पातळी असते," सोफ्यावरचे अण्णा पेपरामागून म्हणाले.

ते दोघे गेल्यावर मी कपाटाकडे पाहिलं. पुण्यात अण्णा नव्हते. त्यांच्या जागी फळीवर डिंकाचं एक गोल वळं होतं, त्याला थोडी तुळशीची माती चिकटली होती. घरात आम्ही दोघंच. खिडक्या बंद. मी टेबलाखाली, सोफ्याखाली, झाडूत, सगळीकडे शोधलं. टेबलावरची फौज जिथल्या तिथं उभी होती. फक्त पहिल्या फळीत अण्णांची जागा रिकामी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे शिपाई दाराकडे बघत होते. ते आधीपासूनच तसे होते की काय, हे मला काही केल्या आठवेना.

सोमवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. "अण्णा कसे आहेत?"

मागं खऱ्या अण्णांचा चहाचा फुरका ऐकू येत होता. "उत्तम," मी म्हणालो.

"फोटो पाठवा."

मी जुना फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "यात दादाच्या पायाला प्लास्टर नाही." दादा म्हणजे मामा, त्यांचे थोरले भाऊ. मी सगळं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "माणूस सापडेपर्यंत ऑपरेशन नाही."

मेधानं फोन अण्णांना द्यायला सांगितला. त्यांनी सासूबाईंना समजवावं म्हणून. पण अण्णा नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "आता तिची श्रद्धाच आहे, तर आपण काय करणार?" मेधानं फोन ठेवला. "अण्णांच्या तोंडून श्रद्धा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला," ती म्हणाली. "प्रमोद, अण्णांना काही झालं तर मी तुला आणि तुझ्या फौजेला भंगारात घालीन." ती रडत होती. अशी रडताना मी तिला फार कमी वेळा पाहिलंय. मला स्वतःची लाज वाटली. एका माणसाच्या हृदयाचं काम मी एका इंचावर आणून अडवलं होतं.

मंगळवारी मी रजा टाकली आणि दुसरे अण्णा करायला बसलो. तोच अंगरखा, तीच ढाल. पण चेहरा जमेना. ठिपके दिले की अण्णांऐवजी भलताच कोणी बघायचा. पुसला, पुन्हा काढला. पुन्हा तोच. भर दुपारी, रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना, माझ्या अंगावर काटा आला. चौथ्या वेळी उन्हं कलली, म्हणून मी तसाच ठेवला.

बुधवारी आम्ही शनिवार पेठेत गेलो. सासूबाईंनी पंचांग वाचायचं भिंग काढलं आणि नव्या अण्णांना खिडकीशी नेलं.

"हे अण्णा नाहीत," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही आहात. आमचे हे इतके घाबरलेले कधी दिसत नाहीत."

मेधानं भिंग घेतलं, पाहिलं आणि मान हलवली. मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी मला खुणेनं मागच्या गॅलरीत बोलावलं. दार लोटून घेतलं. शर्टाचा वरचा खिसा डिंकानं कडक झाला होता. त्यातून त्यांनी चष्म्याचं घर काढलं, घरातून रुमाल, आणि रुमालातून अण्णा.

"अण्णा, तुम्ही चोरलात?"

"चोरी कसली? माझा मी मला घेऊन आलो."

"पण का?"

अण्णांनी रुमालाची घडी घातली. "डॉक्टर म्हणाले, शंभरात पंच्याण्णव बरे होतात. मी जन्मभर पोरांना उरलेले किती ते विचारत आलो. आता मला ते पाचच दिसतात. भीती वाटते हो मला. तिला सांगता येत नाही. म्हटलं, हा सापडला नाही तर आपोआप टळेल."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, यावरून मी काय ते समजलो.

"मी तीन दिवस याच्याकडे बघतोय," ते म्हणाले. "कपाळाला आठी आहे. पण डोळ्यांत भीती नाही. तुम्हाला मी असा दिसतो?"

"असेच दिसता," मी म्हणालो. (एवढ्याशा डोळ्यात दोन ठिपक्यांपलीकडे काही मावत नाही, भीती तर नाहीच, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.)

अण्णांनी दार उघडलं. "सापडला," त्यांनी घरात जाहीर केलं. "प्रमोदरावांच्याच खिशात होता." सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

शुक्रवारी सासूबाईंनी छोट्या अण्णांनाही ऑपरेशनला आत पाठवायचा प्रयत्न केला. नर्सनं धातू चालत नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी तो माझ्या उजव्या हातात दिला. "तुम्ही केलाय, तुम्ही सांभाळा. पाडू नका."

आत खऱ्या अण्णांचं हृदय थांबवलेलं होतं आणि बाहेर बाकड्यावर ते माझ्या मुठीत होते. पाच तास मी मूठ सोडली नाही. चहा डाव्या हातानं घेतला. लघवीला गेलो नाही. मध्येच एकदा मुठीत काहीतरी ठोका पडल्यासारखं वाटलं. तो माझाच असणार. पण तेव्हा मी हालचाल न करता तो मोजत बसलो, कारण थांबला असता तर मला बाकावरून उठताच आलं नसतं.

डॉक्टर बाहेर आले. "सगळं छान झालंय," म्हणाले. मेधा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि हात पुढं केला. "बघू."

मी मूठ उघडली. अण्णांना चेहरा नव्हता. आठी नाही, डोळे नाहीत, मिशी नाही, नुसता करडा धातू. सगळी फौज तयार झाली की शेवटी रंगावर वार्निशचा हात मारायचा असतो. तो राहिला होता, कारण त्याआधीच अण्णा स्वतःला घेऊन गेले होते. माझ्या पाच तासांच्या घामानं त्यांचा चेहरा उतरून माझ्या तळहातावर आला होता. गव्हाळ रंगाचा डाग, त्यात पांढरं काही आणि वर एक बारीक काळी रेघ.

सासूबाईंनी माझा तळवा भिंगाखाली धरला. कॉरिडॉरमधली माणसं बघायला लागली.

"हात धुऊ नका," त्या म्हणाल्या.

"आई, किती दिवस?" मी विचारलं.

"हे घरी येईपर्यंत."

मेधा तरी मध्ये पडेल असं वाटलं. तिनं पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातावर चढवली आणि मनगटाला रबर लावलं. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात अण्णांनी डोळे उघडले तर समोर पिशवीतला हात. मेधानं कानाशी वाकून सगळं सांगितलं. नळ्यांमधून त्यांचा आवाज जेमतेम फुटला. "म्हणजे घाम यांना फुटला."

अण्णांना आठवड्यानं घरी सोडलं. तोवर मी डाव्या हातानं जेवलो, डाव्या हातानं सह्या केल्या आणि ऑफिसात भाजलंय म्हणून सांगितलं. अण्णा शनिवार पेठेत जिना चढले, मऊ भात जेवले, दुपारी घोरले. मग सासूबाईंची परवानगी आली. मी विश्रांतवाडीत आमच्या बेसिनपाशी उभा राहिलो, पिशवी काढली आणि नळाला हात लावला. हे सगळं थोतांड आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नळ सोडला नाही. आधी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, हात धुतोय. चालेल ना?"

अण्णांनी जरा विचार केला. "धुवा," ते म्हणाले. "पण कोमट पाण्यानं."

मी गीझर लावला.