सत्तेचाळीस नवटाक दूध

कोणत्याही जिवाला हात लावण्याआधी मामा हात धूत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि दोन्ही तळवे नाकाशी नेऊन त्यांचा वास घेत. तंबाखूचा वास आला तर पुन्हा धूत. मग पुढे होऊन म्हणत, "दम खा." हे ते समोरच्या जिवाला सांगत की स्वतःला, ते मला पुष्कळ दिवस कळले नव्हते.

मामा हे काही त्यांचे नाव नव्हे. सांगलीच्या पेठेत भुईमुगाच्या शेंगांच्या ज्या अडतीवर मी दिवाणजी होतो, तिथले ते राखणदार. त्यांना सगळी पेठ मामाच म्हणे. गाव पाटणच्या वर, डोंगरात. पहिल्या लढाईत ते खेचरांच्या पलटणीत होते. खेचरांच्या जखमा धुणे, खूर बघणे हे त्यांचे काम. वय साठीच्या पुढे होते. पगारपत्रकात पंचावन्न लिहिले होते आणि ते मी लिहिलेले नव्हते, एवढे नमूद करतो.

आता धामणीविषयी. दुसरी लढाई चालू होती. एका वैशाखात आमच्या शेजारच्या शास्त्राच्या मास्तरांना साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली. मुलांना दाखवायला त्यांनी एक धामण पाळली होती. एका बाजूला काच आणि वर जाळी अशी लाकडी पेटी होती, लांबी अडीच फूट. धामण तिच्या दुप्पट. "आठ दिवसांत माणूस पाठवतो," म्हणून मास्तरांनी ती पेटी आमच्या पडवीत ठेवली. त्या वेळी मास्तर, मी आणि माझी बायको असे तिघे हजर होतो. "हिला खायला काय?" असे विचारण्याची कोणालाच गरज वाटली नाही. साप म्हटल्यावर दूध. त्यात काय विचारायचे?

आठ दिवस झाले, महिना झाला, माणूस आला नाही. दुसऱ्याची ठेव म्हणून मी एक दिवसही चुकवला नाही. रोज सकाळी नवटाक दूध मोजून वाटीत घालायचो आणि काल किती कमी झाले ते बघायचो. थोडे कमी झालेले असे, थोडे सांडलेले असे. बायको म्हणायची, "आपल्या चहाला दुधाची पावडर आणि हिला निरसं दूध!" पण दूध बंद कर, असे तीही म्हणाली नाही. सापाच्या तोंडचे कोण तोडणार?

आषाढात एके दिवशी मामा गोदामाची किल्ली द्यायला घरी आले. पडवीत पाय ठेवताच थबकले. नाक वर करून वास घेतला.

"दिवाणजी, हितं काय नासलंय?"

मी पेटी दाखवली. मोठ्या अभिमानाने सांगितले की सत्तेचाळीस दिवस झाले, रोज नवटाक, म्हणजे सहा शेराला एक नवटाक कमी एवढे दूध तिला घातले.

मामा खाली बसले. काचेला कपाळ लावून बराच वेळ बघत राहिले.

"आणि पानी?"

"पाणी कशाला? दूध पिते की."

"आवं, तहानंनं प्यालीय ती! पानी न्हाई म्हून जे पुढ्यात आलं त्ये प्यालीय. दूध पचतंय व्हय सापाला? बघा, तोंड कुजलंय. कात अडकलीय. डोळं बघा."

मी पहिल्यांदा नीट पाहिले. पाठीचा कणा वाळत घातलेल्या कपड्याखालच्या दोरीसारखा वर आलेला. जुनी कात तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटलेली. डोळे पांढरे, चुना लावल्यासारखे. सत्तेचाळीस दिवस मी वाटीकडे बघत होतो, धामणीकडे नाही.

"मास्तर न्याया येतील तवा काय दाखवनार? वाटी?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे वाटले असते.

पेटी उचलून ते गोदामाकडे निघाले. मी मागून चाललो.

तिथे हमालांनी दारच अडवले. त्यांचा मुकादम म्हणाला, "मामा, ह्ये जनावर आत गेलं तर आमी भाईर. धामण म्हशीच्या नाकात शेपूट घालून मारती."

"तू म्हैस हाईस का?"

सगळे हसले. मुकादमही हसला, पण दारातून हलला नाही. दुसरा म्हणाला, "मामानं म्हातारपनी घरोबा केला गड्या! नवरी पेटीतनं आनली."

शेवटी मालकांनी निकाल दिला. मागची रिकाम्या पोत्यांची खोली मामांना वापरता येईल, पण दसऱ्याला वजनकाट्याची पूजा होते, त्याच्या आत धामण गेली पाहिजे. नव्या शेंगा येतील तेव्हा ती खोली लागणार. दसऱ्यानंतर दिसली तर हमाल काठीने काय करतील त्याला आम्ही जबाबदार नाही. म्हणजे मामांच्या हाती साधारण तीन महिने आले. तेवढ्या काळात तिने स्वतःची शिकार स्वतः करायला हवी. शिकार जमत नसेल तर बाहेर सोडणे म्हणजेही मारणेच.

पहिल्याच दिवशी मामांनी तिला पोत्यात घालून छोट्या काट्यावर ठेवले. पोत्याचे वजन वजा जाता अडतीस तोळे भरली. अर्ध्या शेराला दोन तोळे कमी. तो आकडा मी कोळशाने खोलीच्या भिंतीवर लिहिला. मामांना वाचता येत नव्हते, पण रोज सकाळी ते त्या आकड्यासमोर उभे राहत.

त्यांनी काही औषध आणले नाही. मोठ्या मातीच्या परळात दोन बोटे कोमट पाणी आणि वर ओले पोते, एवढेच. धामण त्यात तासभर पडून राही. मग मामा हात धूत, वास घेत, "दम खा" म्हणत आणि मऊ झालेली कात ओल्या फडक्याने सोडवत. दिवसाला तीन-चार बोटे, त्याहून जास्त नाही. तोंड मिठाच्या पाण्याच्या बोळ्याने पुसत. ती दोनदा त्यांच्या अंगठ्याला चावली. रक्त पुसत मामा म्हणाले, "चावती म्हंजी जीव हाय. खेचर लाथ मारीना झालं की आमी खड्डा खनायचो."

डोळ्यांवरच्या पापुद्र्यांना त्यांनी अकरा दिवस हात लावला नाही. मी म्हणालो, "मामा, चिमट्याने ओढले तर?"

"तुमच्या डोळ्याला लावू का चिमटा?"

बाराव्या दिवशी उजव्या डोळ्याचा पापुद्रा फडक्याला आपोआप चिकटून आला, चौदाव्या दिवशी डावा. खाली काळे, गोल, ओले डोळे. तुम्ही त्या वेळी मामांचा चेहरा पाहायला हवा होता. त्यांनी धामणीपुढून हात इकडून तिकडे नेला. तिचे डोके हाताबरोबर वळले. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला बघतीया. वळख ठेवंल."

त्याच आठवड्यात तिने पहिली बेडकी गिळली.

श्रावणात नागपंचमी आली. गोदामात साप आहे ही बातमी एव्हाना गल्लोगल्ली झाली होती. सकाळपासून बायका लाह्या आणि दुधाच्या वाट्या घेऊन दारात. मामा दारात काठी आडवी धरून उभे. "नमस्कार लांबनं. लाह्या हितं. दूध माज्याकडं द्या." एकही वाटी त्यांनी परत पाठवली नाही, एकही आत नेली नाही. दुपारी हमालांना कधी नव्हे तो निव्वळ दुधाचा चहा मिळाला. दुसरा कप घेताना मुकादम म्हणाला, "धामण वंगाळ न्हाई तशी."

या बायकांत माझीही बायको होती. तिच्या वाटीत दुधाऐवजी पाणी होते. मामांनी ती वाटी तेवढी आत नेली.

भाद्रपदात धामण एकसष्ट तोळे झाली. एका सकाळी मामांनी मला हाताने खुणावून खोलीच्या दाराशी नेले. पोत्यांच्या थप्पीमागून उंदीर धावला आणि ती चाबकासारखी गेली. तो मेलेला घातलेला नव्हता, धरून आणलेला नव्हता. गोदामाचा, आमचा, पोती कुरतडणारा उंदीर होता. मामा कुजबुजले, "जितलो."

त्याच दिवशी टपालाने मास्तरांचे पत्र आले. उशिराबद्दल क्षमा मागून लिहिले होते की दसऱ्याच्या सुट्टीत माणूस येईल, पेटी व धामण त्याच्या स्वाधीन करावी.

मी ते मामांना वाचून दाखवले. दुपारी बघतो तर पेटी उन्हात धुऊन ठेवलेली आणि तिच्या कोपऱ्यात पाण्याची वाटी हलू नये म्हणून ते लाकडाची पट्टी ठोकत बसलेले.

"मामा?"

"ठेव तुमची हाय, दिवाणजी. तुमी शब्द दिलाय. पन मास्तरास्नी सांगा, पानी रोज बदलायचं."

मी अडीच फुटांची पेटी बघितली. खोलीत धामण भिंतीच्या कडेने सरळ पसरली होती. ही भिंत अकरा फुटांची. आयुष्यात मी कोणाची ठेव बुडवली नव्हती. त्या सबंध दुपारी मी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले की आपली धामण माझ्या अज्ञानाने मरणाच्या दारी गेली होती. ती आज जिवंत आहे ते दुसऱ्याच्या कष्टाने. तिला पुन्हा पेटीत घालणे मला जमणार नाही. पेटी पाठवतो. धामणीची किंमत कळवावी.

मास्तर भला माणूस. उलट टपाली उत्तर आले: धरून देणाऱ्याला दीड रुपया दिला होता, पण तो पाठवू नये, मला तरी कुठे माहीत होते? मी दीड रुपयाची मनिऑर्डर केली.

दसऱ्याच्या आधी चार दिवस गोदामामागे, दगडांच्या ढिगाशी आम्ही उभे होतो. मामा, मी आणि कोणी न बोलावता आलेला मुकादम. वजन एकाहत्तर तोळे. मामांनी हात धुतले, वास घेतला, पोत्याचे तोंड सोडले. धामण अर्धी बाहेर आली आणि थांबली. जीभ बाहेर काढून हवा चाखू लागली. मुकादम पुटपुटला, "जा की गं बाई."

"दम खा," मामा त्याला म्हणाले. मग धामणीला म्हणाले, "रजा मंजूर."

ती ढिगात शिरली.

त्यानंतर ती आम्हाला क्वचितच दिसे. पण कुरतडलेली पोती महिन्याला चाळीसच्या वर निघायची, ती पंधराच्या आत आली. मालकांनी त्याबद्दल एक अक्षर काढले नाही, फक्त दगडांचा ढीग हलवायचा बेत रद्द केला.

दोन वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला, आणि मामा गावी गेले. गाडीत बसताना मला म्हणाले, "ढिगाजवळ उन्हाळ्यात परळ भरून ठेवा." मी ठेवत होतो. दुधाचा हिशेब ठेवला तसाच रोज ठेवत होतो, या वेळी पाण्याचा.

पुढच्या चैत्रात परळाशेजारी कात सापडली. अखंड, शेपटीच्या टोकापर्यंत. उचलण्यापूर्वी मी हात धुतले आणि तळव्यांचा वास घेतला. टेप लावून मोजली, सात फूट दोन इंच. कात उतरताना ताणली जाते, म्हणून धामण सहा फुटांची धरतो. डोक्याशी दोन गोल पापुद्रे होते, भिंगासारखे स्वच्छ. त्यांतून पलीकडचे दिसत होते.

ती गुंडाळून चहाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि वर मामांच्या गावचा पत्ता लिहिला. पोस्टातल्या कारकुनाने विचारले, "आत काय?"

"साप निघून गेल्याची पावती."

त्याने डबा लांब धरून वजन केले. सहा आणे झाले. ते मी त्याला मोजून दिले.