फेस बसला तेव्हा

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही परराज्यात, कुवेंपुनगरात राहायला आलो, त्याच वर्षी मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. दोन मासे आणि माशांच्या अंगावरची घाण टिपून खाणारी एक लाल कोळंबी. टाकीला जोडलेला स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. फेसाबरोबर मळ वर चढतो आणि कपात साचतो.

सासूबाई गेल्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याहून आमच्याकडे आले. टाकी बघून म्हणाले, "घरात समुद्र कशाला?" आणि खोलीत गेले ते जेवायलाच बाहेर येत.

मग स्किमरचा फेस बसू लागला. सकाळी भरभरून असायचा, दुपारनंतर गायब. मला आधी मिठाचा संशय आला, मग पंपाचा. शेवटी जिथून टाकी घेतली त्या नजरबादच्या दुकानदाराला फोन केला.

"कोणी तेलकट हात घालतंय का, मॅडम? तेलानं फेस मोडतो."

मला रागच आला. टाकीत हात घालते ती फक्त मी. कामाला येणाऱ्या अक्का सकाळीच जातात, नवरा ऑफिसात. राहिले बाबा. आंघोळीनंतर ते कोपरांना, गुडघ्यांना खोबरेल तेल चोळत बसतात. टाकी घरातून जावी म्हणून मुद्दाम तेल तर ओतत नसतील? त्यांच्या बाटलीत तेल किती उरलंय, ते मी जाता-येता बघू लागले.

एका दुपारी ऑनलाइन मीटिंग आहे असं सांगून मी माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि फटीतून बघत राहिले. बाबा आले. इकडेतिकडे बघून त्यांनी झाकण सरकवलं, बोटं पाण्यात धरली. कोळंबी कपारीतून निघून सरळ हातावर चढली आणि नखांच्या कडा टोकरू लागली.

"अंगठा राहिला गं," बाबा तिला हळूच म्हणाले.

मी बाहेर आले. त्यांनी हात झटकन काढला. "मी काही केलं नाही."

"बाबा, हाताला तेल असतं तुमच्या. बेसन लावून नीट धुवा, मग खुशाल घाला."

"तुला कोणी सांगितलं?"

मी स्किमरकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून ते नळकांडं निरखलं. "हे चहाड्या करतं?"

आता ते दुपारभर टाकीपाशी खुर्ची ओढून बसतात. कप किती काळा झाला, तेही मला तेच सांगतात. परवा नणंदेचा फोन आला. एरवी "बरं आहे" म्हणून फोन माझ्या हातात देणारे बाबा तो घेऊन गॅलरीत गेले. कोळंबीबद्दल बराच वेळ बोलले. मग आवाज बारीक केला.

"सून चांगली आहे गं. पण लक्ष फार ठेवते."