खोडलेलं वाचता यायला हवं

खोडलेलं वाचता यायला हवं, असा नियम घरादाराला लावणारी बाई साऱ्या जबलपुरात एकच, आणि ती माझी धाकटी मेहुणी. प्रयोगवहीत चूक झाली तर पुसायची नाही. एक आडवी रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची. हा प्रयोगशाळेचा नियम तिनं किराण्याच्या यादीलाही लावला. मुलीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली, तर हिनं सगळ्या पत्रिकांवर रेघा मारून सह्या केल्या. व्याही गडबडले. ती म्हणाली, "चूकच दिसली नाही, तर सुधारली हे कळणार कसं?"

आमच्या कॉलेजात ती कर्करोगावरच्या औषधासाठी रेणू बनवायची. मी प्रयोगशाळेचं सामान सांभाळायचो. रोगट पेशीत चांगल्या जनुकांनाही कुंडी, म्हणजे कडी, लागलेली असते, ती लावणाऱ्या एन्झाइमला अडवायचं, हे तिनं खमरियाच्या बसमध्ये कंडक्टरलाही समजावलं होतं. तो बिचारा तिकिटाचं विचारत होता. पुढे मात्र रोज विचारायचा, "दीदी, कुंडी खुली क्या?" बिघडलेल्या रेणूंना ती सासरच्यांची नावं द्यायची. नको तिथे चिकटणाऱ्या एकाला माझंही दिलं.

एकतिसाव्या रेणूला तिनं नाव दिलं नाही. आठ महिने खपून केलेला, चिमूटभर, फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला. मे महिना होता. कूलरच्या प्लगला जागा नव्हती म्हणून मी फ्रीझरचा प्लग काढला आणि संध्याकाळी गुपचूप परत लावला. तपासणीत त्या रेणूनं काहीच केलं नाही. फ्रीझर माझ्या ताब्यात, म्हणून तिनं शंकासुद्धा घेतली नाही. वहीत 'निष्फळ' लिहिलं आणि त्या जातीचे रेणूच सोडून दिले. मी तिला चहा आणून दिला.

याला चौदा वर्षं झाली. दोघंही निवृत्त झालो. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती मटार सोलत होती.

"काहून नाही सांगितलं, भाऊजी?"

तिनं कपाटातून जुनी वही काढली, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. "मारा रेघ. कारण लिहा." रेघ वाकडी आली. माझ्या सहीखाली तिनं साक्षीदार म्हणून सही केली आणि पुटपुटली, "म्हणजे एकतिसावा वाईट नव्हता."

दुसऱ्या दिवशी तो रेणू पुन्हा करायला ती कॉलेजात एक टेबल मागायला गेली. आता रोज जाते. मीही जातो. कूलर बंद ठेवून, घाम पुसत, फ्रीझरच्या प्लगपाशी खुर्ची टाकून बसतो. कुंडी उघडेल का, ठाऊक नाही. आमच्याकडे वर्षं थोडी आहेत. वहीतलं 'निष्फळ' रेघेखालून अजून स्वच्छ वाचता येतं.