काळी शाई आणि काकांचा अंगठा

माझं नाक तेव्हा जरा वरच असायचं. हातात एम.एस्सी., आणि माणगावजवळच्या त्या लेबलं छापणाऱ्या कारखान्यात इन्फ्रारेड मशीन चालवता येणारी मी एकटीच. नोकरी मात्र अजून कच्ची होती. सहा महिने पाहून मग कायम करणार होते, आणि सहावा महिना चालू होता.

काम तसं सोपं. आमची शाई वाऱ्यावर वाळत नाही, अतिनील दिव्याखालून जाताना पापणी लवायच्या आत घट्ट होते. ती खरंच झाली का, हे माझं मशीन सांगतं. लेबल त्याच्या इवल्याशा स्फटिकावर दाबायचं, की पडद्यावर रेघ उमटते. शाई कच्ची असेल तर आठशे दहाच्या आकड्यावर एक सुळका दिसतो. पिकत जाईल तसा तो बसत जातो. त्या दिवशी काळ्या लेबलांवर सुळका जवळजवळ सपाट होता. मी ‘पास’ लिहून सही ठोकली. न्हावा शेव्याला जाणारा ट्रक दारात उभा होता.

तेवढ्यात छपाईयंत्रावरच्या काकांनी एका लेबलावर अंगठा दाबून पिळला. यंत्रावरच केस पिकलेला माणूस.

“न्हाय झाली, म्याडम. अंगठ्याखाली सरकते.”

“मग काय, मशीन खोटं बोलतंय?”

“तसं कुठं म्हणतोय मी? पण गाडी न्हाय सोडायची.”

असा राग आला म्हणून सांगू. माझ्या सहीपेक्षा यांचा अंगठा मोठा. तणतणत लॅबमध्ये आले, डबा उघडला आणि घर आठवलं. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी. लहानपणी उन्हातल्या सुपारीचा नुसता रंग बघून मी “वाळली” म्हणायचे, आणि बाबा ती कानाशी हलवायला लावायचे. आतून खुळखुळली नाही तर परत उन्हात, वरून कितीही कडक दिसो.

घास हातातच राहिला. माझं मशीन तरी काय बघत होतं? वरचा पापुद्रा. काळी शाई दिव्याचा उजेड वरच गिळते, खालपर्यंत पोचू देत नाही, हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले होते. चिकटपट्टी लावून लेबलावरची शाई उपटली, उलटी करून तिची खालची बाजू स्फटिकावर दाबली. सुळका तिथे ताठ उभा होता.

आता हे सांगायचं म्हणजे स्वतःच्याच सहीवर काट मारायची, तीही सहाव्या महिन्यात. पण गेले, सगळ्यांदेखत कागद फाडला आणि म्हटलं, “काका, तुमचं बरोबर. माझं चुकलं.”

ते हसले नाहीत. दिवा पुसला, वेग उतरवला आणि लेबलांचे तेच रोल पुन्हा सावकाश दिव्याखालून सोडले. त्यांनी अंगठा पिळला, मी चिकटपट्टी ओढली. पट्टी कोरी. पुन्हा ओढली, कोरीच. उलटं मोजायला शाईच निघेना. इतका आनंद झाला की मी यंत्रासमोर टाळ्या वाजवल्या. ट्रक संध्याकाळी सुटला.

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं तेव्हा नोकरी गेली असंच धरून गेले. त्यांनी एवढंच विचारलं, की मशीन आणि ते उलटं मोजणं लॅबमधल्या बाकीच्यांना शिकवाल का. महिनाअखेरीस कायम झाल्याचं पत्र आलं.

दुसऱ्या दिवशी काकांसाठी घरच्या सुपाऱ्या घेऊन गेले. त्यांनी एक उचलून कानाशी हलवली.

“वाळली गं, बाय,” ते म्हणाले, आणि तीच सुपारी माझ्यापुढे धरली. “आता मशीन काय म्हणतंय, बघ.”