कोंबडा बहिरा होतो तेव्हा

आमची सावेता काकू वाऱ्याच्या बाजूची. वादळ आलं की सगळं गाव खिडक्या लावून छातीवर क्रूस काढायचं, आणि ही दारात उभी राहून बत्रिना डोंगराकडे बघायची. "पडू दे थोडं रान. माझ्या आज्याच्या वेळीही पडलं होतं, म्हणून तर ही झाडं आली," म्हणायची. लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय.

तिचा बाप शिकारी. वसंतात तो डोंगरकोंबडा मारायचा. टर्कीएवढा काळा पक्षी, माद्यांसाठी पहाटे गातो. त्याच्याजवळ जायची आमच्याकडे एकच रीत आहे. आधी तो टकटक करतो, मग बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज, आणि मग सुरी घासल्यासारखी खरखर. त्या खरखरीत तो ठार बहिरा होतो. तेवढ्यात दोन पावलं टाकायची आणि गोठून उभं राहायचं. काकू हे चालणं बापामागून शिकली, बंदूक मात्र तिने कधी धरली नाही. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तोवर रान इतकं दाटलं होतं की खाली ऊन पोचेना. कोंबड्याचा चारा म्हणजे ब्लूबेरीची झुडपं, ती मेली आणि कोंबडाही निघून गेला.

मग मोठं वादळ आलं. अर्धा उतार एका दुपारी आडवा झाला. मागोमाग साल पोखरणारे किडे आले आणि उभ्या सूचिपर्णी स्प्रूस झाडांतलीही कितीतरी वाळली. माझे बाबा दोरोफेई म्हणजे काकूचे धाकटे दीर, आणि गावाच्या सामाईक रानाचे प्रमुख. ते म्हणाले, उरलंय ते तरी कापून विकू. काकूने सभेत ठाणच मांडलं.

"आता ऊन आलंय. ब्लूबेरी येईल, मग कोंबडा येईल. थांबा."

"आणि नाही आला तर?"

"तर कुऱ्हाडींना धार मी लावून देईन, भावजी."

गाव हसलं, पण थांबलं. वर्षं गेली. शेवटी मुदत ठरली, यंदाचा वसंतातला संत जॉर्जचा सण. बाबांची अटही कडक. नुसता आवाज चालणार नाही, कोंबडा डोळ्यांनी दिसला पाहिजे. नाहीतर सणानंतर झाडं जाणार.

सणाच्या आदल्या पहाटे काकू, बाबा आणि मी असे तिघं वर निघालो. खिशात मक्याची गार उकड आणि मेंढीचं चीज. वर पोचलो आणि मी बघतच राहिले. पडलेली खोडं शेवाळाने मऊ झाली होती आणि त्यांच्या पाठीवर स्प्रूसची बोटभर रोपं उभी होती. ब्लूबेरीत आमचे गुडघे बुडत होते.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. बाबा जागीच थबकले. काकू मात्र चालतच राहिली. तिच्या पायाखाली काटकी मोडली आणि पक्षी गप्प झाला.

तेव्हा मला कळलं, काकूला ऐकूच येत नव्हतं. कधीपासून, देव जाणे. ती उत्तर देत नसे तेव्हा आम्ही तिला हट्टी म्हणायचो. बाबांच्याही ते लक्षात आलं. ते नुसते स्वस्थ उभे राहिले असते तरी पुरे होतं. काकूने आणखी एक पाऊल टाकलं असतं, कोंबडा उडाला असता आणि झाडं बाबांची झाली असती.

बाबांनी तिचं मनगट धरलं.

पुन्हा टकटक. पुन्हा बूच. खरखर सुरू होताच बाबांनी मनगट दाबलं. दोन पावलं. काकूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ओशाळली, आणि मग त्या दाबण्यावर चालू लागली. एकदा तर बाबा खोड ओलांडताना एका पायावर अडकले, दुसरा हवेत, आणि पक्षी काही गायचं नाव घेईना. मी हसू दाबून दाबून रडकुंडीला आले.

आणि मग तो दिसला. एका वाळक्या स्प्रूसवर, मान ताठ, शेपटीचा पंखा उघडलेला. काकूच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"गातोय का हो, भावजी?" तिने मोठ्याने विचारलं. नशीब, खरखर चालू होती.

बाबांनी होय म्हणून मान हलवली. पुढच्या खरखरीपर्यंत थांबून ते पुटपुटले, "झाडं राहतील, वहिनी."

काकूने कानामागे हात धरला.

पुन्हा टकटक. पुन्हा बूच. मग खरखर सुरू होताच आमचे बाबा, ज्यांनी जन्मात कुणापुढे हार कबूल केली नाही, तिच्या कानाशी वाकले आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले, "झाडं राहतील!"

काकूला ऐकू गेलं. कोंबड्याला नाही.