सचिवाचं मत
कापसाच्या जिनिंग मिलवरून जाताना सरकीचा उबट वास आला, की आमच्या मॅनेजर संघटनेची परभणीतली ती बैठक आठवते. ताडकळसकडचा एक तरुण मॅनेजर उभा होता. तुटक्या पट्ट्यात मजुराचा हात जाईल म्हणून त्यानं ऐन हंगामात यंत्र बंद ठेवलं होतं, आणि मालकानं त्यालाच काढलं होतं. "मी केलं ते बरोबर होतं, एवढंच संघटनेनं लिहून द्यावं," तो म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, "आपली संघटना प्रशिक्षणासाठी हाय, मालकांशी भांडायला न्हाई." मतं घेतली. सचिव म्हणून हात मीच मोजले, दोन्हीकडं सारखेच भरले. "तुमचं मत, साहेब?" त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, "सचिवाला मत नसतं." बरोबरी झाली म्हणून अध्यक्षांनी मागणी फेटाळली. तो नमस्कार करून गेला. संघटनेची नियमावली मीच लिहिली होती. सचिवाला मत आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.